वाऱ्याला ना-हरकत दाखला

दिवाळी अंकात खिडकीवर लेख लिहावा, आणि तोही चिडून लिहावा, म्हणजे फराळाच्या ताटात कारल्याची भाजी वाढण्यासारखे आहे, हे मला कळते. चकलीचा तुकडा तोंडात टाकून हे पान उघडणाऱ्या वाचकांची म्हणूनच मी आधी क्षमा मागते. परंतु ज्या घरात पंच्याहत्तर वर्षांची एक म्हातारी रात्री दोन वाजता उठते, बाहेरच्या दाराला साखळी लावून ते चार बोटे उघडते आणि त्या फटीशी खुर्ची टाकून बसते, त्या घरातल्या सुनेला या विषयावर गोड लिहिता येणार नाही. ती म्हातारी म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना दमा आहे. आणि त्यांच्या खोलीला खिडकी आहे!

हे उद्गारचिन्ह हात घसरून पडलेले नाही. सगळी मेख त्या खिडकीतच आहे.

आमचे घर ठाण्याच्या पलीकडे, एका सात मजली इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. सासूबाईंची खोली दहा बाय नऊ, म्हणजे नव्वद चौरस फूट. खिडकी चार बाय चार, म्हणजे सोळा. आता राष्ट्रीय बांधकाम संहिता म्हणून एक जाडजूड ग्रंथ आहे. १९७० साली तो प्रथम निघाला, २०१६ साली त्याची सुधारलेली आवृत्ती आली. उष्ण आणि दमट हवेच्या प्रदेशात राहत्या खोलीच्या खिडक्या जमिनीच्या क्षेत्रफळाच्या निदान एक-षष्ठांश असाव्यात, असे हा ग्रंथ सांगतो. कोरड्या उन्हाळ्याच्या मुलखाला एक-दशांश चालतो. आमच्यासारख्या घामाने निथळणाऱ्या पट्ट्याला एक-षष्ठांश हवा. नव्वदाचा सहावा हिस्सा पंधरा. आमची खिडकी सोळाची. म्हणजे बिल्डर पहिल्या वर्गात पास! परंतु हे मोजमाप चौकट धरून करायचे असते; आणि खिडकीचा काही भाग न उघडणारा असेल, तर उघडणारा भागच त्यात धरायचा असतो. आमची खिडकी सरकती. दोन झडपा दोन समांतर रुळांवर. एक सरकली की दुसरीच्या पाठीमागे जाऊन उभी राहते, आणि अर्धी खिडकी जन्मभर काचेआडच राहते. सोळाचे झाले आठ. त्यातून अॅल्युमिनियमची चौकट वजा करा. उरले सात. नव्वदाला सात म्हणजे जवळजवळ तेरावा हिस्सा. म्हाताऱ्या माणसाच्या खोलीत तेरावा हा शब्द मला मुळीच आवडत नाही. पण गणिताला शुभाशुभ कळत नाही, त्याला मी काय करू?

सरकती खिडकी ही बिल्डरांची लाडकी आहे. तिला बिजागरी लागत नाही, ती वाऱ्याने आपटत नाही, बाहेरच्या लोखंडी जाळीला अडत नाही, आणि बसवायला वेळ लागत नाही. हे तिचे गुण मी नाकारत नाही. जुन्या लाकडी खिडक्या पावसाळ्यात फुगत, झडप लावायला खांदा द्यावा लागे, आणि आकडा निसटला की मध्यरात्री खळ्ळकन तावदान फुटे. माझ्या माहेरी हे सगळे झालेले आहे. पण ती खिडकी उघडली की उघडत असे. मी शाळेत चित्रकला शिकवते. दहावीनंतर कलाशिक्षकाची पदविका घेतली, त्यापुढे काही शिकले नाही. सुट्टीत कादंबऱ्या लिहिते, एवढाच काय तो अपराध. दरवर्षी पाचवीच्या मुलांना मी ‘माझे घर’ काढायला लावते. वर्गातली यच्चयावत मुले दोन्ही झडपा दोन बाजूंना पसरलेली खिडकी काढतात. यांतल्या बहुतेकांच्या घरी तशी खिडकी नाही. काहींनी ती आजोळी पाहिली असेल, काहींनी तीही नसेल. सरकती खिडकी काढलेले मूल मला अजून भेटायचे आहे. खिडकी म्हणजे काय, हे दहा वर्षांच्या पोराला समजते आणि इमारतीचा आराखडा मंजूर करणाऱ्यांना समजत नाही, याचे मला दरवर्षी नव्याने नवल वाटते.

असो. माझी मागणी काय होती ते सांगते, म्हणजे माझ्यावर ताजमहालाला भोक पाडण्याचा आरोप येणार नाही. पहिली गोष्ट, आहे त्याच चौकोनात सरकत्या झडपांच्या जागी बिजागरीच्या झडपा. दुसरी, खिडकीचा कट्टा दीड फूट खाली घेणे. सासूबाईंचा पलंग दीड फूट उंच आणि कट्टा साडेतीन फुटांवर. त्यामुळे जो काही वारा येतो तो त्यांच्या अंगावरून, वरच्यावर निघून जातो. पंगतीत वाढप्याने आपल्या पानाकडे न बघता पुढे जावे, तसे त्यांचे रोज होते. कट्टा खाली घेतला की नातवंडांसाठी आतून कठडा लावायचा, हेही मी अर्जात लिहिले होते. आणि तिसरी, खोलीच्या आतल्या दारावर, छताशी, एक झरोका. वारा हा मानी पाहुणा आहे. परत जायची वाट दिसल्याखेरीज तो उंबरठा ओलांडत नाही. जुन्या चाळींतून दारावर झडपेचा झरोका असे, तो शोभेसाठी नव्हता. तापलेली हवा वर चढते, तिला वरूनच बाहेर काढले की खालून ताजी येते. हे सांगायला इंजिनीयर लागत नाही; एक उदबत्ती पुरते. सासूबाईंच्या खोलीत, खिडकी उघडून, दार लावून मी उदबत्ती लावली. धूर सरळ रेषेत वर गेला आणि छताखाली मंडप घालून बसला. दार उघडले तेव्हा कुठे तो हलला. ज्या खोलीत उघड्या खिडकीशेजारी उदबत्तीचा धूर हलत नाही, तिथे दम्याच्या माणसाला आपण रात्रभर झोपायला सांगतो.

२०२३ सालच्या मे महिन्यात मी सोसायटीकडे अर्ज दिला. तेव्हापासूनची ही तिसरी दिवाळी.

आमचे सेक्रेटरी सज्जन आहेत. निवृत्त झालेले, पहाटे उठून गच्चीत फिरणारे, सगळ्यांच्या लग्नामुंजीला आहेर घेऊन हजर राहणारे गृहस्थ. मी त्यांना काका म्हणते. ते मला म्हणाले, “बाई, तुमचं म्हणणं पटतं हो मला. पण आज तुम्ही खिडकी बदललीत, उद्या दुसरा गॅलरी बदलेल. इलेव्हेशन बिघडेल की नाही?” त्यानंतर चार महिन्यांनी पत्र आले. त्यात आर्किटेक्टचा नकाशा मागितला होता, स्ट्रक्चरल इंजिनीयरचा दाखला मागितला होता, वरच्या, खालच्या आणि दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांची लेखी संमती मागितली होती, अनामत रक्कम मागितली होती, आणि शेवटी महापालिकेची परवानगी. इंजिनीयरचा दाखला योग्यच होता; तो मी पैसे मोजून आणला. शेजाऱ्यांच्या सह्या आणल्या. वरच्या वहिनींनी तर सहीबरोबर अनारसे दिले. नकाशा मी स्वतः, मापात काढून दिला होता. तो परत आला, कारण त्यावर शिक्का नव्हता. मग त्याच नकाशावर शिक्का मारून घेण्याचे पैसे भरले. राहिली महापालिका. तिथे खिडकीवर (होय, तिथेही खिडकीच!) सांगण्यात आले, की आधी सोसायटीचे ना-हरकत पत्र आणा. सोसायटी म्हणते, आधी महापालिकेची परवानगी आणा. आमच्या ह्यांनी यावर एकच उद्गार काढला: “नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं.” आणि पेपर तोंडापुढे धरला.

आता या इलेव्हेशनविषयी मला दोन शब्द बोलायचे आहेत, कारण हा शब्द माझ्या धंद्यातला आहे. इलेव्हेशन म्हणजे इमारतीचे समोरून काढलेले चित्र. पण ते कोठून पाहून काढतात? कोठूनही नाही! त्यात जवळचे मोठे आणि लांबचे लहान दिसत नाही; सातवा मजलाही पहिल्याइतकाच सरळ दिसतो. पाहणाराचा डोळा अनंत अंतरावर आहे असे मानून ते काढायचे असते. म्हणजे इलेव्हेशन हे असे चित्र आहे, की ज्या जागेवरून ते तसे दिसते त्या जागी आजवर कोणी मनुष्य उभा राहिलेला नाही. आणि आमच्या सासूबाईंची खिडकी तर इमारतीच्या पाठीमागे आहे. तिच्यासमोर पाण्याचा पंप, टाकीचे झाकण आणि कुंपणाची भिंत. पंप चालू करणारा गडी आणि कावळे, एवढेच तिचे प्रेक्षक. या प्रेक्षकांच्या रसिकतेला धक्का लागू नये म्हणून एका जिवंत माणसाने श्वास आवरता घ्यावा, असा हा व्यवहार आहे.

बरे, इमारतीच्या रूपाची एवढी काळजी असती, तर तेही मी मान्य केले असते. नव्हे, मी त्या कामाला हातभार लावला असता. पण एका रविवारी मी खाली उभी राहून मोजले. आमच्या इमारतीच्या मागच्या भिंतीवर वातानुकूलन यंत्रांच्या सतरा पेट्या लटकत आहेत. कुठे तिरक्या, कुठे गंजलेल्या, कुठे नळी लोंबते आहे आणि तिच्यातून खालच्याच्या वाळत्या कपड्यांवर थेंब थेंब अभिषेक चालला आहे. या सतरांपैकी कोणी आर्किटेक्टचा शिक्का आणला? कोणी वरच्या-खालच्यांच्या सह्या घेतल्या? काकांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, “बाई, ते यंत्र आहे. ते बांधकाम नव्हे.” पुढे आपुलकीने म्हणाले, “तुम्हीही आजींसाठी एक घेऊन टाका ना. प्रश्नच मिटला.”

प्रश्न मिटत नाही, काका. घराघरांतून असते ते यंत्र खोलीतलीच हवा आत ओढते, गार करते आणि खोलीतच सोडते. बाहेरची ताजी हवा ते आणत नाही. उलट त्याच्यासाठी खिडकी घट्ट लावून घ्यावी लागते. खोलीतली ऊब मात्र ते बाहेर फेकते, म्हणजे ज्याच्याकडे यंत्र नाही त्या शेजाऱ्याच्या खिडकीत. एकाने विकत घेतलेला गारवा दुसऱ्याच्या घरी उन्हाळा म्हणून पोचतो. आणि याला परवानगी लागत नाही! परवानगी लागते ती फुकट वाहणारा वारा आत घेणाऱ्याला.

हे वेड आमच्या सोसायटीपुरते असते, तर मी घरातल्या घरात बोलून मोकळी झाले असते. पण सारी नगरेच या वळणावर गेली आहेत. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियमावलीत बाल्कनी बंदिस्त करण्याची सोय होती. अधिमूल्य भरावे आणि बाल्कनी खोलीत घ्यावी. लोकांनी घेतल्या. ज्या जागेत तुळस होती, वाळवणे होती आणि घराचा सगळ्यात मोकळा श्वास होता, ती काचेत कोंडली गेली. म्हणजे वारा अडवायला पैसे भरून रीतसर मार्ग होता, आणि वारा आत आणायला निघालेल्या माणसाला या खिडकीवरून त्या खिडकीवर!

नेहमी असे नव्हते. १८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेग आला, तेव्हा अंधाऱ्या, कोंदट घरांची भीती प्रथम सरकारच्या उरात भरली. घरांची कौले काढून ऊन-वारा आत सोडण्यापर्यंत मजल गेली. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि त्याने काय केले? रस्ते काढले. पण ते केवळ गाड्यांसाठी काढले नाहीत. प्रिन्सेस स्ट्रीट, म्हणजे आजचा शामलदास गांधी मार्ग, आणि सँडहर्स्ट रोड, म्हणजे आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, हे पश्चिमेकडून पूर्वेकडे नेले, कारण समुद्रावरचा वारा दाट वस्तीत शिरावा असा हिशेब होता. वाऱ्यासाठी रस्ता! ट्रस्टचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ साली मुंबईतल्या घरांच्या उजेड-वाऱ्यावर खास व्याख्यान दिले. साडेत्रेसष्ट अंशांचा नियम त्याच काळातला. खोलीच्या तळाशी, बाहेरच्या भिंतीपासून साडेत्रेसष्ट अंशांत वर रेषा काढली, की ती समोरच्या इमारतीला न अडता आभाळाला पोचली पाहिजे. सोप्या भाषेत, समोरची इमारत साठ फूट उंच असेल, तर मध्ये तीस फूट मोकळे हवे. त्या ट्रस्टचे गोडवे गाण्याची मला हौस नाही. त्याने वारा आणला तो गरिबांची घरे पाडून. पाडलेल्यांपैकी फार थोड्यांना पुन्हा घर मिळाले. पण त्या साहेबांनी निदान खिडकीत बसून आभाळाकडे पाहिले होते. आजचा नियम रस्त्यावर उभा राहून खिडकीकडे पाहतो. माझे सगळे भांडण या उभे राहण्याच्या जागेशी आहे.

आणि ही शंभर वर्षांपूर्वीची भुते नव्हेत. मानखुर्दचे लल्लूभाई कंपाउंड, गोवंडीचे नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसनाच्या वसाहती झोपड्यांतून उचललेल्या लोकांसाठी पक्क्या बांधल्या. दोन इमारतींत अंतर ठेवले अवघे तीन मीटर. २०१८ साली तिथली पाहणी प्रसिद्ध झाली. जिथे ऊन-वारा कमी, तिथे क्षयरोग अधिक. झोपडीतून फ्लॅटात गेलेल्या माणसाच्या वाट्याला हे आले. त्यानंतर दोनच वर्षांत कोरोना आला. मार्च २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने घरादारांतल्या खेळत्या हवेविषयी मार्गदर्शिका काढली आणि माणशी, दर सेकंदाला दहा लिटर ताजी हवा हवी असे सांगितले. त्या दिवसांत आमच्या सोसायटीनेही लिफ्टमध्ये कागद चिकटवला होता: ‘खिडक्या उघड्या ठेवा.’ मी तो कागद जपून ठेवला आहे. अर्जाला जोडणार होते; ह्यांनी जोडू दिला नाही.

आता दुसरी बाजू. ती आहे, आणि ती हलकी नाही. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरची एक चार मजली इमारत कोसळली आणि सतरा माणसे गेली. तळमजल्यावर चाललेल्या फेरफारात खांबांना हात लावला, असा आरोप झाला. ही बातमी वाचलेला कोणताही सेक्रेटरी भिंतीवर घण पडताना ऐकून दचकेल, दचकलेच पाहिजे. खांब, तुळई, स्लॅब यांना कोणी बोट लावता कामा नये. लावील त्याला मी स्वतः पोलिसांत देईन. परंतु खांब-तुळयांच्या सांगाड्यावर उभ्या असलेल्या इमारतीत विटांची भिंत ही भार झेलत नाही, ती नुसती जागा भरते. खिडकी रुंद करायची असेल, तर वरचे लिंटेल नवे घालावे लागते आणि तिथे जोखीम आहे. पण कट्टा खाली घेताना वरच्या लिंटेलला धक्कासुद्धा लागत नाही. खालच्या विटांचे चार थर निघतात, बस्स. आमची इमारत सांगाड्याची आहे आणि आमच्या इंजिनीयरने हेच लिहून दिले आहे. जुनी, भारवाही भिंतींची घरे असतात, त्यांची गोष्ट निराळी. तिथे मी हा लेख मागे घेते. समितीचे काम या दोहोंतला फरक पाहणे हे आहे. फरक पाहायचाच नाही म्हणून सरसकट नाही म्हणणे, ही सावधगिरी नव्हे. तो आळस आहे, आणि त्याने सावधगिरीचा अंगरखा घातला आहे. शिवाय या आळसाचा परिणाम उलटाच होतो. सरळ माणूस अर्ज करून तीन दिवाळ्या वाट पाहतो. वाकडा माणूस मे महिन्यात, सेक्रेटरी गावी गेले की, दोन दिवसांत भिंत फोडून मोकळा होतो. त्याच्याकडे ना इंजिनीयर येतो, ना कोणी खांब कुठे आहे ते पाहतो. घाटकोपरची भीती ज्यांना खरी वाटते, त्यांनी परवानगी लवकर देण्याची सोय करावी.

कायदाही आपण समजतो तेवढा निर्दय नाही. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाचे ४३ वे कलम मी सार्वजनिक वाचनालयात बसून वाचले. जे काम इमारतीच्या फक्त आत होते, किंवा ज्याने बाहेरच्या रूपात लक्षणीय फरक पडत नाही, त्याला महापालिकेची परवानगीच लागत नाही. अपवाद वारसा म्हणून जपलेल्या इमारतींचा. मग माझा झरोका तर घराच्या पोटात आहे. आणि आहे त्याच चौकोनात झडप बदलल्याने लक्षणीय फरक पडतो की नाही, हे कोणत्याही सरळ डोळ्याच्या माणसाने सांगावे. परवानगी लागली तर ती फार तर कट्ट्याला लागेल. आणि लागली तरी त्याच अधिनियमाने नियोजन अधिकाऱ्याला साठ दिवसांची मुदत घातली आहे. साठ दिवसांत उत्तर दिले नाही, तर नियमांत बसणाऱ्या कामाला परवानगी मिळाली असे धरतात. म्हणजे मायबाप सरकारसुद्धा स्वतःच्या पाठीवर घड्याळ बांधून घेते. सोसायटीच्या उपविधींत फेरफाराला समितीची पूर्वपरवानगी लेखी लागते, आणि ते मला मान्यही आहे. पण आमच्या समितीच्या भिंतीवर घड्याळ नाही, नुसते कॅलेंडर आहे. आणखी एक गंमत ऐका. १८८२ चा सुविधाधिकाराचा कायदा सांगतो, की एखाद्या घराने वीस वर्षे बिनतक्रार, अखंड उजेड-वारा घेतला, की त्यावर त्या घराचा हक्क बसतो. शेजाऱ्याला भिंत घालून तो अडवता येत नाही. शेजाऱ्याविरुद्ध मला वाऱ्याचा हक्क आहे. फक्त माझ्या स्वतःच्या भिंतीविरुद्ध नाही!

मला काय हवे आहे, ते मी गेल्या सर्वसाधारण सभेत उभी राहून सांगितले. हात कापत होते. वर्गात पन्नास पोरांपुढे कापत नाहीत, पण हिशेब तपासायला आलेल्या शेजाऱ्यांपुढे कापतात. मी म्हटले, सोसायटीने एकदाच एक इंजिनीयर बोलवावा, प्रत्येक खोलीची खिडकी किती आणि कशी बदलता येईल त्याचा एकच नकाशा करून घ्यावा, खर्च सगळ्यांनी वाटून घ्यावा. त्या नकाशाबरहुकूम ज्याला करायचे त्याने पंधरा दिवसांची सूचना द्यावी आणि करावे. सगळ्या खिडक्या एकाच नमुन्याच्या होतील, म्हणजे काकांचे इलेव्हेशनही सुखी राहील. ज्याला नाही म्हणायचे, त्याने साठ दिवसांत नाही म्हणावे आणि कोणत्या खांबाला, कोणत्या तुळईला धोका आहे ते बोट ठेवून लिहावे. ‘इमारतीचे रूप’ हे कारण मागच्या भिंतीला लागू करू नये. आणि घरात दम्याचा, क्षयाचा, अंथरुणाला खिळलेला माणूस असेल, तर त्याचा अर्ज वर ठेवावा. एवढेच.

थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग पाचव्या मजल्यावरचे एक गृहस्थ उठले. मला वाटले, आता विरोध होणार. ते म्हणाले, “आमच्या आईलाही दम लागतो. आम्ही न विचारता झरोका पाडलाय, गेल्या वर्षी.” सभेत हशा पिकला. मग तिसरे एक जण उठले, त्यांनीही कबुली दिली. मग काकांची चर्या पाहून बाकीचे बसून राहिले. ठराव दिवाळीनंतरच्या सभेपुढे ठेवावा, असे ठरले. कार्यवृत्तात मात्र ‘खिडकीबाबत चर्चा झाली’ एवढेच आले आहे.

झरोका मीही पाडला. ही कबुली या अंकातच देते, म्हणजे पुन्हा पत्र पाठवायचा समितीचा त्रास वाचेल. गणपतीच्या सुट्टीत गवंड्याने एका दिवसात दारावर दोन फूट बाय एक फुटाची जागा केली, आणि जुन्या बाजारातून आणलेली लाकडी झडप बसवली. संध्याकाळी सासूबाईंनी आपण होऊन उदबत्ती लावली. धूर थोडा घुटमळला, मग तिरका झाला आणि झरोक्यातून बाहेरच्या खोलीत निघाला. त्या पलंगावर बसून बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, “आमच्या गुहागरच्या घरात असं होतं.” आता त्या रात्री दोनऐवजी चारला उठतात. खिडकी अजून सातच फुटांची आहे.

यंदा आकाशकंदील खिडकीत टांगता आला नाही. सरकत्या झडपेतून हात बाहेर जातो, कंदील जात नाही. म्हणून तो जिन्यात, आमच्या दारासमोर लावला. परवा पहाटे सासूबाई साखळीच्या फटीतून त्याच्याकडे पाहत बसल्या होत्या. मला म्हणाल्या, “अगं, उजेडाला तरी परवानगी लागत नाही ना?”

मी म्हटले, “जिना सामाईक जागेत येतो, आई. पत्र येईल.”